काइफंगचा कांस्यपुरुष

वैद्यकाच्या इतिहासात थोर वैद्यांची, ग्रंथांची आणि औषधींची नावे पदोपदी येतात. परंतु वैद्य होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून ज्या चुका होतात, त्या कोणाच्या शरीरावर होतात, हा प्रश्न इतिहासकार क्वचितच विचारतात. शस्त्र असो वा सुई, ती प्रथम हाती धरणारा हात थरथरणारच. तो हात स्थिर होईपर्यंत कोणीतरी सोसावे लागते. आणि जगाच्या बहुतेक भागांत हे सोसणे ज्यांना नकार देण्याचे सामर्थ्य नव्हते त्यांच्याच वाट्याला आले, असे इतिहास सांगतो.

या प्रश्नाला चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळी एक विलक्षण उत्तर दिले गेले. इ. स. १०२७ मध्ये राजधानी काइफंग येथे कांस्याच्या दोन मनुष्याकृती ओतून तयार झाल्या. त्यांच्या अंगावर शेकडो छिद्रे होती आणि पोटात अवयवांच्या प्रतिकृती होत्या. विद्यार्थ्याने आपली सुई प्रथम या धातूच्या देहावर चालवावी आणि तेथे ती चुकणार नाही अशी खात्री झाल्यावरच रोग्याकडे वळावे, अशी ही योजना होती. या दोन आकृतींपैकी एक राजवैद्यांच्या संस्थेत ठेवण्यात आली आणि दुसरी एका बौद्ध विहारात. पुढे युद्धात आणि काळाच्या ओघात जीर्ण झालेली अशी एक आकृती पुन्हा उभी केली, तीही नेपाळहून आलेल्या एका तरुण बौद्ध कारागिराने. बौद्ध संस्कृतीच्या अभ्यासकांनी या कांस्यपुरुषाची कथा जाणून घेणे अगत्याचे आहे. म्हणून प्रस्तुत लेखात तिचा परामर्श घेतला आहे.

१. प्रतिकृतीची प्राचीन परंपरा

शिक्षणासाठी खोटा देह वापरण्याची कल्पना एकट्या चीनची नव्हे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रकर्माच्या सरावासाठी एक स्वतंत्र अध्याय आहे. छेदनाचा सराव कोहळा, काकडी यांसारख्या फळांवर करावा, भेदनाचा सराव पाण्याने वा चिखलाने भरलेल्या चामड्याच्या पिशव्यांवर करावा, असे तेथे सांगितले आहे. पट्टी बांधण्याच्या सरावासाठी 'पुस्तमय पुरुष' म्हणजे माती, कापड इत्यादींनी घडविलेली मनुष्याकृती सांगितली आहे. शास्त्र कितीही पाठ असले तरी ज्याने सराव केला नाही तो कर्मास अयोग्य, हा त्यामागील विचार आहे. दुर्दैवाने हा पुस्तमय पुरुष आपल्याला ग्रंथातील एका शब्दाच्या रूपानेच ठाऊक आहे. माती आणि कापड टिकले नाही.

चीनमध्ये मात्र अशा आकृतींचे प्राचीन पुरावे भूगर्भातून मिळाले आहेत. सिचुआन प्रांतातील मियानयांगजवळ १९९३ मध्ये एका थडग्यात लाखेचा लेप दिलेली काळी लाकडी मनुष्याकृती सापडली. तिची उंची सुमारे २८ सेंटिमीटर असून अंगावर तांबड्या रेषांनी वाहिन्यांचे मार्ग दाखविले आहेत. ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील मानली जाते. २०१२–१३ च्या सुमारास चेंगदू शहराजवळील लाओग्वानशान येथील थडग्यांत आणखी लहान, सुमारे १४ सेंटिमीटर उंचीची आकृती मिळाली. तिच्यावर रेषांबरोबर बिंदूही कोरलेले आहेत. या दोन्ही वस्तू मृतांबरोबर पुरलेल्या होत्या. ज्याच्याजवळ विद्या होती, त्याच्याबरोबर तिचे साधनही मातीत गेले. काइफंगच्या कांस्यपुरुषाचे वेगळेपण समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

२. ग्रंथ होते, मग प्रतिमा कशासाठी?

चिनी सूचिचिकित्सेत, म्हणजे आज ज्याला आपण ॲक्युपंक्चर म्हणतो त्या पद्धतीत, शरीरावरील ठरावीक बिंदूंवर सुई टोचतात, अथवा दवण्याच्या कुळातील एका वनस्पतीचा वाळवलेला चुरा जाळून त्या जागी शेक देतात. हे बिंदू निरनिराळ्या मार्गांवर वसलेले आहेत आणि त्या मार्गांतून प्राणशक्ती वाहते, अशी त्या शास्त्राची धारणा आहे. बिंदूचे स्थान सांगताना अमुक हाडापासून इतके 'त्सुन' अंतरावर, असे मोजून सांगतात. हा त्सुन म्हणजे सर्वांसाठी एकच असलेला इंच नव्हे. रोग्याच्या स्वतःच्या शरीरावरून तो ठरवावयाचा असतो. मधल्या बोटाच्या मधल्या पेराची लांबी हे त्याचे एक माप. उंच माणसाचा त्सुन मोठा, बालकाचा लहान. साहजिकच हे मोजमाप केवळ वाचून येत नाही; देहावर हात ठेवूनच शिकावे लागते.

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात हुआंगफू मी याने बिंदूंचे व्यवस्थित संकलन केले होते. सातव्या शतकात सुन सिम्याओ या थोर वैद्याने समोरून, मागून आणि बाजूने अशा तीन आकृत्यांत रंगांनी मार्ग दाखविण्याची पद्धती सांगितली. सुन सिम्याओ हा बौद्ध विचाराने प्रभावित झालेला वैद्य होता. जगात औषध नाही अशी वस्तूच नाही, हे वचन त्याने भारतीय वैद्य जीवकाच्या नावाने नोंदवले आहे. तक्षशिलेत जीवकाच्या आचार्यांनी त्याला औषधी नसलेली वनस्पती शोधून आणावयास सांगितले आणि तो रिकाम्या हातांनी परत आला, ही विनयपिटकातील कथा वाचकांना परिचित आहेच. तिचा आशय असा दूरवर पोहोचला होता.

तथापि, ग्रंथ आणि रंगीत आकृत्या हातानेच नकलून काढाव्या लागत. प्रत्येक नकलेत एखादी रेषा सरके, एखादा अंक चुके. चार पिढ्यांनंतर एकाच बिंदूच्या चार जागा झाल्या. शिवाय प्रत्येक गुरू आपल्या परंपरेतील जागा हीच खरी मानी आणि शिष्याने ती मुकाट्याने स्वीकारावी अशी रीत होती. या मतभेदाचा निकाल लावणारे कोणतेही साधन उपलब्ध नव्हते. चुकलेली सुई मात्र रोग्याच्या फुप्फुसात किंवा रक्तवाहिनीत शिरत होती.

३. वांग वेईयी आणि त्याचे कार्य

सोंग सम्राट रेन्झोंग याच्या कारकिर्दीत (१०२२–१०६३) हा गोंधळ निस्तरण्याचे काम राजवैद्य वांग वेईयी याच्यावर सोपविण्यात आले. त्याने जुने ग्रंथ ताडून पाहिले, बिंदूंच्या जागा निश्चित केल्या आणि १०२६ मध्ये 'कांस्यपुरुषाच्या बिंदूंचा सचित्र सूचिग्रंथ' असा अर्थ असलेल्या नावाचा तीन भागांचा ग्रंथ सिद्ध केला. त्यात ३५४ बिंदूंची नावे आहेत. त्यांतील बहुसंख्य बिंदू शरीराच्या डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजूंना येत असल्याने प्रत्यक्ष स्थाने ६५७ होतात.

ग्रंथाला शिया सोंग या विद्वान अधिकाऱ्याने प्रस्तावना लिहिली. डोळ्यांनी पाहून जे कळते ते केवळ तोंडी सांगून कळत नाही आणि शब्दांपेक्षा आकार अधिक विश्वासार्ह असतो, म्हणून कांस्याची आकृती करण्यात आली, असा तिचा आशय आहे. हाच शिया सोंग काइफंग येथील बौद्ध सूत्रांच्या भाषांतरसंस्थेच्या शिलालेखाचा कर्ता होय. ९८२ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेत नालंदेचा धर्मदेव, उड्डियानाचा दानपाल असे भारतीय भिक्खू भाषांतराचे कार्य करीत होते. कांस्यपुरुष ज्या नगरीत ओतला गेला, तेथे भारतीय भिक्खूंची वस्ती नवलाची नव्हती, हे यावरून दिसेल.

१०२७ च्या दहाव्या चांद्रमासात दोन्ही कांस्याकृती सम्राटासमोर सादर झाल्या. त्यांची उंची प्रौढ पुरुषाएवढी होती. तेराव्या शतकातील लेखक चौ मी याने अशा एका आकृतीचे जे वर्णन नोंदवून ठेवले आहे, ते मुळातून पाहण्याजोगे आहे. आकृती उत्तम कांस्याची होती. पुढचा आणि मागचा असे तिचे दोन भाग होते व ते जुळवले की अखंड देह होई. आत सर्व अवयव होते. बाहेर प्रत्येक छिद्राशेजारी बिंदूचे नाव सोन्याने भरलेल्या अक्षरांत लिहिले होते.

परीक्षेची रीत अशी होती. कांस्यपुरुषाच्या सर्वांगावर पिवळ्या मेणाचा थर देत. त्यामुळे छिद्रेही दिसेनाशी होत आणि नावेही. आत पाणी (काही पाठांप्रमाणे पारा) भरत. परीक्षक बिंदूचे नाव सांगे. विद्यार्थ्याने मोजमाप करून जागा ठरवावयाची आणि सुई टोचावयाची. जागा बरोबर असेल तर सुई मेणातून आत शिरे आणि पाणी बाहेर येई. थोडी जरी चूक झाली तरी सुई धातूवर अडे.

या परीक्षेचा एक विशेष सहज नजरेतून सुटतो. येथे निर्णय परीक्षकाच्या मर्जीवर राहिला नाही. विद्यार्थी कोणाचा मुलगा, कोणत्या गुरूचा शिष्य, याला कांस्यपुरुषापुढे अर्थ नव्हता. पाणी आले तर आले, नाही तर नाही. जन्माने वा संप्रदायाने मिळालेल्या अधिकाराऐवजी तपासून पाहता येणारी कसोटी लावणारे हे साधन होते.

४. विहारातच का?

समकालीन राजकीय नोंदींप्रमाणे एक आकृती वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या संस्थेत आणि दुसरी दा-श्यांगक्वो विहारातील 'रेन्जी' नावाच्या दालनात ठेवण्याची आज्ञा झाली. वांग वेईयीचा संपूर्ण ग्रंथ शिळांवर कोरण्यात आला आणि त्या शिळाही याच विहारात उभारण्यात आल्या. १०२९ मध्ये हा ग्रंथ प्रांतोप्रांतीच्या शासनांकडे पाठविण्यात आला.

दा-श्यांगक्वो हा काइफंगमधील सर्वांत प्रसिद्ध विहार. त्याची स्थापना ५५५ मध्ये झाली असे परंपरा सांगते. आठव्या शतकाच्या आरंभी त्याला हे नाव मिळाले. सोंग काळी तो राजाश्रयाचा विहार होता, परंतु तो केवळ दरबाराचा नव्हता. महिन्यातून पाच वेळा त्याच्या प्रांगणात बाजार भरे आणि सामान्य जनांना मुक्त प्रवेश असे. पक्षी, भांडी, फळे, पुस्तके, चित्रे, वनौषधी अशा नानाविध वस्तूंच्या विक्रीचे वर्णन त्या काळच्या नगरवर्णनात आले आहे. वैद्यकाची प्रमाणभूत शिळा आणि प्रमाणभूत देह हे राजवाड्याच्या आतल्या चौकात न ठेवता अशा स्थळी ठेवण्यात आले, ही गोष्ट लक्षणीय आहे. शिळालेखावर कागद ठेवून शाईने ठसा घेण्याची कला चीनमध्ये जुनी होती. ज्याला ग्रंथ विकत घेणे शक्य नव्हते, त्यालाही शिळेसमोर उभे राहून आपली प्रत ताडून पाहता येत होती.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. कांस्यपुरुष बौद्धांनी घडविला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यामागचे शास्त्र चिनी आहे, आज्ञा सम्राटाची आहे आणि 'रेन्जी', म्हणजे मानवतेने केलेले साहाय्य, या नावातील पहिला शब्द कन्फ्यूशियसच्या परंपरेतील अग्रगण्य सद्गुणाचा वाचक आहे. परंतु हे सारे ठेवण्यासाठी विहार ही स्वाभाविक जागा वाटली, यामागे दीर्घ परंपरा होती. अतिसाराने पीडित आणि सर्वांनी टाकलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुऊन स्वच्छ केले, हा महावग्गातील प्रसंग रुग्णसेवेला संघाच्या कर्तव्यात स्थान देतो. त्याच ग्रंथात औषधांवर एक संपूर्ण खंधक आहे. चीनमध्ये थांग काळापासून विहारांशी संलग्न रुग्णालये चालत होती. लोक दुखणे घेऊन विहारात येत असत. तेथेच त्या दुखण्याच्या विद्येचे प्रमाणही उभे राहिले.

५. दुसरी बाजू

त्याच सम्राटाच्या राज्यात, कांस्यपुरुष उभा राहिल्यानंतर अठरा वर्षांनी, शरीरज्ञान मिळविण्याची एक अगदी निराळी रीतही वापरली गेली. दक्षिणेकडील ग्वांग्शी भागात ओऊ शिफान याच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. १०४५ मध्ये अधिकाऱ्यांनी समेटाच्या नावाखाली बंडखोरांना मेजवानीस बोलावले, मद्यात गुंगीचे औषध दिले आणि पकडून ठार केले. दोन दिवसांत ५६ जणांची शरीरे उघडण्यात आली व चित्रकाराकडून आतील अवयवांची चित्रे काढून घेण्यात आली, अशी नोंद आहे. ही चित्रे पुढे 'ओऊ शिफानच्या पाच अवयवांचे चित्र' या नावाने प्रसिद्ध झाली आणि चिनी शरीररचनाशास्त्राच्या इतिहासात त्यांना मानाचे स्थान मिळाले.

या घटनेतून ज्ञान मिळाले, हे नाकारता येत नाही. परंतु ज्यांच्या देहांतून ते मिळाले ते विश्वासघाताने मारलेले सीमाभागातील लोक होते. छप्पन जणांपैकी बहुतेकांची नावेही उरली नाहीत. प्रमुखाचे नाव तेवढे चित्राच्या शीर्षकात राहिले.

हा दोष केवळ चीनचा नव्हे. युरोपात अठराव्या शतकात मेणाच्या शरीरप्रतिकृतींची कला शिगेला पोहोचली. बोलोन्या येथे ॲना मोरांदी मांत्सोलिनी (१७१४–१७७४) या विदुषीने पतीसह आणि पतीच्या निधनानंतर एकटीने ज्ञानेंद्रियांच्या अप्रतिम प्रतिकृती घडविल्या आणि त्या आधारे अध्यापन केले. फ्लॉरेन्स येथे फेलिचे फोंताना याच्या देखरेखीखाली क्लेमेंते सुसीनी आदी कलावंतांनी शेकडो प्रतिकृती तयार केल्या. १७७५ मध्ये उघडलेले तेथील संग्रहालय सामान्य नागरिकांनाही पाहता येत होते. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ याने व्हिएन्नातील लष्करी शस्त्रवैद्यांच्या शिक्षणासाठी अशाच ११९२ प्रतिकृती मागविल्या आणि त्या खेचरांच्या पाठीवरून आल्प्स पर्वत ओलांडून नेण्यात आल्या. विद्यार्थ्याला वारंवार शवविच्छेदन करावे लागू नये, हा फोंतानाचा हेतू होता. तथापि, मेणाची प्रत्येक प्रतिकृती खऱ्या अवयवांवरून साचे घेऊन वा त्यांच्याकडे पाहून घडवावी लागे आणि प्रतिकृती पूर्ण होण्यापूर्वीच प्रेत कुजू लागे. म्हणून एका प्रतिकृतीसाठी अनेक प्रेते लागत. ती फ्लॉरेन्सच्या धर्मादाय रुग्णालयातून, म्हणजे गरिबांच्या खाटांवरून येत. इंग्लंडमध्ये तर १८३२ च्या कायद्याने गरीबगृहांत मरण पावलेल्या बेवारस गरिबांचे देह विच्छेदनासाठी देण्याची तरतूदच करण्यात आली. आपल्याकडेही १९४९ च्या मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियमाचा मूळ आधार बेवारस मृतदेह हाच होता.

म्हणजे प्रतिकृती ही स्वतः निष्पाप असतेच असे नाही. तिच्या घडणीत कोणाचा देह खर्ची पडला, हे विचारावेच लागते. कांस्यपुरुषाच्या बाबतीत बिंदू हे देहाच्या पृष्ठभागावर, हाडांच्या आणि सांध्यांच्या खुणांवरून मोजून ठरवावयाचे असल्याने जिवंत माणसाला स्पर्श करून ते पडताळता येत होते. त्यासाठी कोणाला मारावे लागले नाही. या विद्येची मर्यादाही त्यातच आहे. कांस्यपुरुषावरील मार्ग हे आधुनिक शरीरशास्त्राला विच्छेदनात सापडणारे स्नायू, नसा वा रक्तवाहिन्या नव्हेत. ते एका प्राचीन वैद्यकपद्धतीने कल्पिलेले मार्ग आहेत आणि त्यांकडे त्या दृष्टीनेच पाहिले पाहिजे. शिक्षणाचे साधन म्हणून असलेले त्याचे महत्त्व यामुळे उणावत नाही.

६. अनिको

११२७ मध्ये उत्तरेकडील जुर्चेन सैन्याने काइफंग जिंकले आणि सोंग दरबार दक्षिणेस गेला. दोन्ही कांस्यपुरुष आपल्या जागेवरून हलले. त्यांतील एक दक्षिणेत श्यांगचौ येथे एका अधिकाऱ्याच्या हाती लागला आणि पुढे सोंग राजवाड्यात जमा झाला, असे चौ मीच्या वृत्तांतावरून कळते. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात मंगोलांचा दूत वांग जी सोंग दरबाराकडे जात असे. त्या निमित्ताने सूचिचिकित्सेची एक कांस्यप्रतिमा मंगोलांकडे आली. तोवर तिची दुरवस्था झाली होती आणि दरबारातील कोणाही कारागिराला ती नीट करता येत नव्हती.

आता या कथेत नेपाळ येतो. १२६० मध्ये कुब्लाई खानाने आपला तिबेटी गुरू फग्पा याला तिबेटमध्ये सुवर्णस्तूप उभारण्यास सांगितले. त्यासाठी नेपाळकडून कारागीर मागविण्यात आले. ऐंशी जण निघाले. परंतु त्यांचे नेतृत्व करण्यास कोणी पुढे येईना. तेव्हा सतरा वर्षांचा एक तरुण उभा राहिला. त्याचे वय लहान असल्याची शंका काढण्यात आली, तेव्हा वय लहान असले तरी मन लहान नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. हाच अनिको. नेपाळी जन त्याला अरनिको म्हणतात आणि काठमांडूहून तिबेटच्या सीमेकडे जाणाऱ्या महामार्गाला त्याचेच नाव आहे. काठमांडूच्या खोऱ्यातील नेवार ओतारी मेणाचा नमुना करून त्यावर मातीचा साचा चढवितात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. ही कला तेथे पिढ्यान्‌पिढ्या बुद्ध व बोधिसत्त्वांच्या मूर्तींसाठी जोपासली गेली होती.

स्तूपाचे काम पाहून प्रसन्न झालेल्या फग्पाने अनिकोला प्रव्रज्या दिली, आपला शिष्य केले आणि कुब्लाईच्या दरबारी नेले. युआन राजवटीच्या अधिकृत इतिहासात पुढील भेटीचा वृत्तांत आला आहे. सम्राटाने त्याला काय येते असे विचारले. आपले मन हाच आपला गुरू असून चित्रकाम, ओतकाम आणि कोरीवकाम थोडेफार जमते, असे त्याने सांगितले. सम्राटाने जीर्ण कांस्यपुरुषाकडे बोट दाखविले आणि हा नवा करता येईल का, असे विचारले. असे काम पूर्वी केलेले नाही, पण करून पाहतो, असे अनिकोने उत्तर दिले. १२६५ मध्ये नवी प्रतिमा सिद्ध झाली. तिच्यातील सांधे, मार्ग आणि वाहिन्या सर्व यथास्थित होते आणि दरबारच्या सुवर्णकारांनीही त्याच्या कौशल्यापुढे मान तुकवली, असे इतिहासकार नोंदवतो.

या प्रसंगाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. बुद्धमूर्ती ओतणाऱ्याला मूर्तीचे ताल आणि प्रमाण ठाऊक असते. कांस्यपुरुषात मात्र सौंदर्याचे प्रमाण पुरेसे नव्हते. येथे केसभर अंतराने सरकलेले छिद्र म्हणजे एका पिढीच्या वैद्यांना शिकविलेली चूक ठरली असती. मूर्तिकाराचा हात वैद्यकाच्या कसोटीला उतरला, आणि तोही अशा परक्या देशात, जेथील भाषा व शास्त्र त्याचे नव्हते. पुढे १२७१ ते १२७९ या काळात बीजिंगमधील सुमारे ५१ मीटर उंचीचा श्वेतस्तूप त्याच्या आराखड्याप्रमाणे उभा राहिला. राज्यातील कारागिरांचे प्रमुखपद त्याला मिळाले आणि १३०६ मध्ये त्याचे चीनमध्येच निधन झाले. त्याच्या नावाचा उल्लेख श्वेतस्तूपाच्या संदर्भात सर्वत्र होतो. पण दरबारात त्याची पहिली परीक्षा झाली ती स्तूपावर नव्हे, तर वैद्यकशिक्षणाच्या या साधनावर.

७. उत्तरकथा

विहारातील शिळाही युआन काळात काइफंगहून नव्या राजधानीत, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये नेण्यात आल्या. १४४३ मध्ये मिंग सम्राटाने पाहिले तेव्हा शिळांवरील अक्षरे पुसट झाली होती आणि कांस्यपुरुष काळवंडला होता. त्याने दोन्ही नव्याने करविले. नव्या शिळा झाल्यावर जुन्यांची गरज उरली नाही. त्यांचे तुकडे करून ते नगराच्या तटबंदीत दगड म्हणून वापरण्यात आले. १९६५ नंतर बीजिंगची ती तटबंदी पाडताना यांतील काही तुकडे पुन्हा उजेडात आले. जे ज्ञान सर्वांना वाचता यावे म्हणून विहारात उभे केले होते, ते पाचशे वर्षे भिंतीत तोंड आत करून राहिले.

मिंग काळातील कांस्यपुरुष राजवैद्यांच्या संस्थेत होता. १९०० मध्ये आठ राष्ट्रांच्या सैन्याने बीजिंग व्यापले तेव्हा तो तेथून गेला. सेंट पीटर्सबर्ग येथील हर्मिटाज संग्रहालयात असलेली कांस्याकृती हीच ती, असे अभ्यासकांनी तिच्यावरील बिंदूंची नावे व स्थाने तपासून दाखवून दिले आहे. सोंग काळातील मूळ कांस्यपुरुष मात्र आज अस्तित्वात नाहीत. काइफंगचा विहारही १६४२ च्या महापुरात उद्ध्वस्त झाला आणि नंतर पुन्हा बांधला गेला.

विद्या मात्र प्रवास करीत राहिली. जपानमध्ये एडो काळात लाकडाच्या व कागदाच्या लगद्याच्या अशाच आकृती होत्या आणि धातूच्या नसूनही त्यांना 'कांस्यबाहुली' असेच म्हणत. भारतात सूचिचिकित्सा आली तिचे श्रेय मुख्यतः डॉ. विजयकुमार बसू यांना दिले जाते. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या ज्या भारतीय वैद्यकीय पथकात आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, त्याच पथकात डॉ. बसूही होते. १९५८ मध्ये ते पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि परत येऊन त्यांनी ती कलकत्त्यात सुरू केली. जानेवारी २०१७ मध्ये चीनने जिनीव्हा येथील जागतिक आरोग्य संघटनेला कांस्यपुरुषाची एक प्रतिकृती भेट दिली.

८. समारोप

आज वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसमोर प्लॅस्टिकचे अवयव असतात, संगणकाच्या पडद्यावर फिरणारे देह असतात, श्वास घेणाऱ्या आणि नाडी चालणाऱ्या कृत्रिम आकृती असतात. सूचिचिकित्सेबद्दल कोणाचे काहीही मत असो, विद्यार्थ्याची पहिली चूक निर्जीव वस्तूवर व्हावी हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. स्वेच्छेने देहदान करणाऱ्यांची संख्या वाढत आहे आणि बेवारस देहावर विसंबण्याची लाज समाजाला वाटू लागली आहे, हेही सुचिन्ह आहे.

कांस्यपुरुषाच्या इतिहासातून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली अशी की शिकणाऱ्याच्या चुकीची किंमत दुर्बलाने देण्याची गरज नाही. ती धातूवर, मेणावर, मातीवर सोपविता येते. त्यासाठी विद्येइतकीच इच्छा लागते. ओऊ शिफान आणि कांस्यपुरुष एकाच राज्यात, एकाच पिढीत होऊन गेले, यावरून हे स्पष्ट होते. दुसरी गोष्ट अशी की प्रमाण जोवर विहाराच्या खुल्या दालनात होते तोवर ते सर्वांचे होते. राजवाड्यात गेल्यावर ते संपत्ती झाले, आणि संपत्ती म्हणूनच ते जिंकले, मागितले आणि लुटले गेले. सुश्रुताचा पुस्तमय पुरुष मातीत मिसळला, कारण तो नव्याने घडविणारा कोणी अनिको त्याला भेटला नाही. आपल्याकडील प्राचीन वैद्यकपरंपरेचा अभ्यास करणाऱ्यांनी केवळ वैद्यांकडे न पाहता कुंभार, ओतारी, चर्मकार अशा साधने घडविणाऱ्या हातांकडेही पाहिले पाहिजे. सरावाची चामड्याची पिशवी कोणी तरी शिवली होती, मातीचा देह कोणी तरी थापला होता. ग्रंथांनी त्यांची नावे सांगितलेली नाहीत. युआन इतिहासकाराने एका नेवार ओताऱ्याचे चरित्र लिहून ठेवले, म्हणूनच आज त्याच्या कांस्यपुरुषाबद्दल आपण बोलू शकतो.